शाळेच्या खिडकीवरचा तळहात

मित्रांनो, मी एक जुनी काचखोली आहे, आणि जुनी म्हणजे कशी, तर माझ्या अंगावरचा एकही तुकडा मुळात माझा नाही! माझी पूर्वेची भिंत म्हणजे एका बंद पडलेल्या शाळेच्या खिडक्या. दक्षिणेला लाकूड-गिरणीच्या साहेबाच्या बंगल्याची तावदानं. पाठीला एका प्रार्थनाघराची उभी निळी काच. आणि दार? दार दवाखान्याचं. मेंडोसिनोच्या डोंगरात, थेडा लिंडक्विस्टच्या घरामागे, परसातल्या सफरचंदाच्या झाडाला टेकून मी उभी आहे.

दुसऱ्यांच्या डोळ्यांनी जग बघणं कसं असतं, ते मला विचारा. खिडकी उपसून नेली, तरी तिच्यातून बघणारे लगेच उठून जात नाहीत. शाळेच्या काचेला अजूनही मधल्या सुट्टीची घाई असते. बंगल्याच्या तावदानात एक बाई कोणाची तरी वाट बघते. ऊन कललं की तिचा श्वास काचेवर धुरकट उमटतो आणि विरतो. दवाखान्याच्या दाराबद्दल मी फार बोलणार नाही. ते उघडताना असं काही कण्हतं, की नवखी माणसं चटकन मागे वळून बघतात. मागे कोणीच नसतं.

दचकलात? दचकू नका हो. मी झपाटलेली असले, तरी स्वभावाने गरीब आहे.

मला ऑर्विलनं बांधलं. थेडाचा नवरा. उंच, थोडा वाकलेला, दाढीत कायम लाकडाचा भुसा. खाली नदीकाठची गिरणी बंद पडली, माणसं पोटामागे शहरांकडे गेली, घरं नुसती उभी राहिली. ती पाडायला काढली तेव्हा ऑर्विल आपल्या खटारा ट्रकमधून एकेक खिडकी, गोधडीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी डोंगरावर आणायचा.

थेडा कमरेवर हात ठेवून म्हणायची, "ऑर्विल, आपल्या घराला अजून धड छप्पर नाही, आणि तू रोपांना बंगला बांधतोयस?"

"आपल्याला काय, आपण कुरकुर तरी करू शकतो," तो म्हणायचा. "रोपं बिचारी मुकाट मरतात."

आता रोपं कसली, ते सांगायला हवं. पुढच्या बाजूला टोमॅटो आणि मिरच्या, आणि त्यांच्या आड, मागच्या रांगेत, भांगेची रोपं. हो, तीच. गांजाची. ऑर्विलच्या आधी या डोंगरात जी पोरंपोरी शहर सोडून राहायला आली, ती हीच रोपं लावून जगली. थेडा त्या फुलांचा तेलात मलम करते. तिचे स्वतःचे आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांचे सांधे त्यावर चालतात. ती बरणी उंच फळीवर असते आणि लहानांनी तिला हात लावायचा नाही, हा या घराचा पहिला नियम. दुसरा नियम नंतर सांगते. सगळं रामायण त्यानंच झालं.

ऑर्विलचं शेत म्हणजे एक लाडाकोडाचं काम होतं. रासायनिक खताचं पोतं त्यानं कधी माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. समुद्रावरून शेवाळ आणायचा, शेजारच्या तबेल्यातून घोड्याची लीद, रस काढून उरलेला सफरचंदाचा चोथा, आणि हे सगळं गांडुळांच्या हवाली करून शीळ वाजवत बसायचा. पानांवर मावा दिसला की लाल ठिपकेवाले किडे मुठीमुठीनं सोडायचा. "जा पोरींनो, जेवून घ्या." भुरीची पांढरी बुरशी पडली की पातळ ताक केल्यासारखं पाणी-दूध शिंपडायचा. वसंतात रोपं माझ्या उबेत वाढायची, आणि धुक्याचा कडाका संपला की बाहेर, परसातल्या उंच वाफ्यांत, उघड्या उन्हात जायची. माझं काम आईचं. पदराखाली घ्यायचं आणि वेळ आली की सोडायचं.

आणि त्याची स्वतःची अशी एक जात होती. वर्षानुवर्षं तो तिचंच बी धरत आला होता. ‘लांब संध्याकाळ’ असं तिचं नाव. ती फुलली की देवदाराच्या लाकडाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास सुटायचा, इतका दाट, की कापणीच्या दिवसांत ऑर्विलचे सदरे, टोपी, उशी, ट्रकची गादी, सगळं तसंच घमघमायचं. थेडा म्हणायची, "तू घरात यायच्या आधी तुझा वास येऊन खुर्चीत बसलेला असतो."

भीतीचीही वर्षं होती हं. तेव्हा कायद्याची परवानगी नव्हती. उन्हाळ्याच्या शेवटी सरकारी हेलिकॉप्टर डोंगराच्या पाठीवरून खाली यायची, माझी तावदानं दातांसारखी कडकडायची आणि थेडा छोट्या कॉर्डीला कुशीत घेऊन टोमॅटोत बसून राहायची. कॉर्डी म्हणजे त्यांची लेक. पुढे कायदा बदलला, घरापुरती चार रोपं उजळ माथ्यानं लावता येऊ लागली. पण अजूनही आकाशात घरघर झाली की थेडाची मान आपोआप खाली जाते. मला ते दिसतं. भूत फक्त काचेतच राहतं असं थोडंच आहे?

मग तो शरद आला. ऑर्विल माझ्यात उभा राहून कापून आणलेली फुलं तपासत होता. हातांना चीक लागून तळवे काळे-चिकट झालेले. एकाएकी त्याला भोवळ आली. तो पडला नाही. त्यानं शाळेच्या खिडकीवर उजवा हात टेकला, खूप वेळ तसाच उभा राहिला, आणि स्वतःशीच म्हणाला, "बरं, बरं. येतो." कोणाला म्हणाला, ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात नेलं, आणि तो परत आला नाही.

हात मात्र राहिला.

सकाळी गारठ्यानं माझ्या सगळ्या काचांवर आतून धुकं धरतं. पण जिथे चीक लागलेला होता, तिथे पाण्याचा थेंब बसायचा नाही. त्यामुळे रोज पहाट फुटली, की धुरकट काचेवर एक स्वच्छ तळहात उघडायचा. पाच बोटं, अंगठ्याजवळ गिरणीत कापल्याची रेघसुद्धा. ऊन वर आलं की धुकं जायचं, आणि हातही दिसेनासा व्हायचा. थेडा रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन यायची, उलट्या बादलीवर बसायची आणि त्याच्याशी बोलायची. आज हरणांनी कुंपण मोडलं. आज कॉर्डीचा फोन आला, म्हणते शहरात राहायला ये. तिनं स्वतःचा हात त्यावर कधी ठेवला नाही. नेहमी शेजारी, बोटभर अंतर सोडून. पुसला जाईल म्हणून.

मी ती काच कशी जपली म्हणून सांगू! वारा आला की मी बाकीच्या सगळ्या चौकटी कुरकुरू द्यायचे, पण ती नाही.

एका वसंतात थेडा पिठाच्या डब्यामागची बरणी घेऊन आली. ‘लांब संध्याकाळ’चं उरलेलं बी. जुनं, फिकट, निम्मं पोकळ. ऑर्विलच्या सदऱ्यांतून आता नुसता साबणाचा वास यायला लागला होता, आणि तिला त्याचा वास हवा होता. तिनं सगळं बी माझ्यात पेरलं. मी दिवसभर ऊन गोळा करून ठेवायचे आणि त्या ट्रेला पुरवायचे. किती वाट पाहिली आम्ही दोघींनी! बाकीचं बी मातीतच राहिलं. दोनच रोपं वर आली.

उन्हाळा चढला तशी ती अंगानं भरली, आणि एका सकाळी थेडानं चष्मा पुसून पेरांपाशी बघितलं. एक मादी. एक नर.

आता दुसरा नियम ऐका. या डोंगरात नर दिसला की उपटायचा. विचारायचं नाही, थांबायचं नाही. नराचे पराग उडून माद्यांवर बसले की फुलं बियांनी भरतात, आणि बियांनी भरलेल्या फुलांना इथे कोणी विचारत नाही. पराग वाऱ्यावर डोंगर ओलांडतात, म्हणून एकाचा नर म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांचं वाटोळं. इथली पोरं बाराखडी शिकायच्या आधी नर ओळखायला शिकतात.

पण मित्रांनो, नर नाही तर बी नाही, आणि बी नाही तर पुढच्या वर्षी काहीच नाही. फांद्या लावून रोपं जगवायची तर हिवाळाभर दिवे जाळावे लागतात, आणि थेडाच्या छपरावरच्या सोलरमध्ये एक दिवा आणि एक रेडिओ चालवण्यापुरताच जीव आहे. म्हणून तिनं मादी बाहेरच्या वाफ्यात लावली, आणि नराला माझ्या पोटात ठेवून दार लावून घेतलं. त्या शेवटच्या नराची मी कोठडीही होते आणि माहेरही.

तिसऱ्याच दिवशी खालच्या उतारावरचा रुफस आला. रुफस गॅडी. ऑर्विलचा जुना मित्र, जाडजूड, बोलायला लागला की कुंपणावरचे कावळे उडतात. त्यानं काचेला नाक लावलं आणि ओरडला, "थेडा! हा कोण उभा आहे आत?"

"पाहुणा आहे."

"पाहुण्याला परागाच्या पिशव्या लटकायला लागल्यात! बाई, वारा तुझ्याकडून माझ्याकडे वाहतो. माझं सगळं पीक खाली उघड्यावर आहे. ह्या एका कार्ट्यानं शिंक दिली तर माझं वर्ष गेलं!"

"शिंकायच्या आधी मी त्याच्या तोंडावर रुमाल धरीन."

"थट्टा नको. उपट त्याला."

थेडा बाजूला सरली. सकाळ अजून कोवळी होती. रुफसच्या नाकासमोर, काचेच्या आतून, तो तळहात उघडलेला होता. रुफसनं टोपी काढली. डोकं खाजवलं. पुन्हा घातली.

"हा... अजून आहे होय," तो हळू म्हणाला. मग घसा खाकरून, "बरं. ऐक. फुलायला लागला की झरोके बंद. ओली पोती लावायची. फटींना मी पट्ट्या मारतो. आणि एक जरी कण बाहेर आला, थेडा, तर मी त्याला उपटीन, आणि तुलाही!"

"मला उपटायला दोन माणसं लागतील," थेडा म्हणाली.

किती बरं वाटलं मला त्या दिवशी! म्हटलं, झालं, निभावलं.

आणि नेमकी कॉर्डी आली.

कॉर्डी शहरात, सॅक्रामेंटोला राहते, दातांच्या दवाखान्यात काम करते. आईची काळजी करून करून तिचा जीव अर्धा झालेला. त्या दिवशी रुफसच्या गाडीतून थेडा खालच्या गावात किराणा आणायला गेली होती. कॉर्डी न सांगता आली, आईला आनंदाचा धक्का द्यायला. घर झाडलं. भांडी घासली. मक्याचा पाव भट्टीत ठेवला. मग परसात आली, मला बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, काय ही दशा!"

मित्रांनो, दशा म्हणजे मी, बरं का.

तिनं व्हिनेगर आणलं, जुने कागद आणले, बाह्या सरसावल्या. ती गुणगुणत होती. एकेक काच, वरपासून खालपर्यंत. निळी काच पुसली. बंगल्याची तावदानं पुसली, तिथली वाट बघणारी बाई चौकटीच्या कोपऱ्यात सरकून बसली. मग ती शाळेच्या खिडकीकडे वळली. ऊन डोक्यावर आलेलं. त्या वेळी हात दिसत नाही, नुसता एक मळकट चिकट डाग दिसतो.

मी काय करू शकत होते? मी दवाखान्याचं दार कण्हवलं. खरंच, होता नव्हता तेवढा जोर लावून. ती दचकून मागे वळली, म्हणाली, "तेल घालायला हवं ह्याला," आणि पुन्हा पुसायला लागली. डाग जाईना. तिनं नखानं खरवडला. करंगळी गेली. मग बाकीची बोटं. अंगठ्याजवळची रेघ गेली. आणि काच इतकी स्वच्छ झाली, इतकी स्वच्छ, की तिच्यात काहीच उरलं नाही.

मग घाम पुसत ती वळली आणि तिला तो दिसला. कोपऱ्यातला नर.

तिच्या चेहऱ्यावर काय आलं माहीत आहे? राग नाही. माया आली. "आई गं," ती पुटपुटली, "तुला आता नर-मादीसुद्धा दिसेनासं झालं का गं?" आणि तिचा हात लहानपणापासून शिकलेलं काम करून गेला. एका झटक्यात मुळासकट. खतखड्ड्यावर, उन्हात.

थोड्या वेळानं गाडी आली. कॉर्डी पुढे धावली. "आई! डोळे मीट. मीट ना! आता उघड. कशी चकाचक केली बघ!"

थेडा माझ्यात आली. सगळीकडे बघितलं. शाळेच्या खिडकीपाशी गेली. बोट न लावता, फक्त जवळ.

"इथे हात होता," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे. बाबांचा."

"तिथे तर एक चिकट डाग..." कॉर्डीचं बोलणं अर्ध्यात राहिलं. "आई, तोच सगळ्यात जास्त घासावा लागला मला."

मग थेडानं कोपऱ्याकडे पाहिलं. रिकामी कुंडी.

"आणि तो?"

"नर होता, आई! फुलायलाच आलेला. मी वेळेवर आले म्हणून बरं, नाहीतर रुफसकाकांनी तुला..."

"शेवटचा होता," थेडा म्हणाली. तिचा आवाज पार सपाट झाला होता. "‘लांब संध्याकाळ’चा. तेवढाच होता." आणि ती उलट्या बादलीवर बसली, पण कोणाकडे तोंड करून बसावं, ते तिला कळेना.

रुफस किराण्याची पिशवी घेऊन दारात उभा होता. खरं तर त्याची सुटका झाली होती. त्याच्या वर्षाला असलेला धोका आयता खतखड्ड्यात पडलेला! त्यानं पिशवी खाली टाकली. अंडी फुटली. तो आपलं जाडजूड अंग घेऊन खतखड्ड्याकडे पळाला. पळाला, मित्रांनो, रुफस! त्यानं ते मलूल रोप दोन्ही हातांवर उचललं, मुळं आपल्या टोपीनं झाकली आणि गरजला, "पाणी! बादली! कॉर्डी, रडायचं ते नंतर रड, आधी बादली आण!"

"काका, पण तुमचं पीक..."

"माझं पीक माझं मी बघीन! थेडा, ऊठ. फांद्या कापायच्यात. पाण्यात ठेवल्या तर नर मेल्यावरही फुलतो, हे मला ऑर्विलनंच शिकवलंय, आणि तेव्हा मी त्याला चार शिव्या दिल्या होत्या."

थेडाच्या उलट्या बादलीत पहिल्यांदा पाणी आलं. फांद्या कापून तिच्यात उभ्या केल्या. निम्म्या गेल्याच. उरलेल्यांनी संध्याकाळपर्यंत माना थोड्या वर केल्या. मग तिघांनी मिळून मला बंदिस्त केलं. फटींना पट्ट्या, झरोक्यांना ओली पोती, दाराच्या खाली ओला टॉवेल. पाणी लागलं की पराग मरतो, म्हणून रुफस दिवसातून कितीदा तरी वर येऊन पोती भिजवायचा आणि जाताना मला दम भरायचा. "ए काचखोली, तोंड मिटून बस!"

कॉर्डी परत गेली नाही. कामावर फोन करून खोकल्याचं सोंग आणलं. ती आणि थेडा एका टेबलावर जेवायच्या, पण बोलणं मिठापुरतं. सकाळी थेडा कॉफी घेऊन यायची आणि उभीच राहायची. सगळ्या काचा एकसारख्या धुरकट. कुठेही कोणी नाही. मला माझीच भीती वाटायला लागली. मी इतकी माणसं धरून ठेवली, आणि जे धरायचं होतं तेच सुटलं.

आणि एका सकाळी बादलीखालच्या कागदावर पिवळी धूळ पडली.

फुलला! मुळं नसताना, माती नसताना, फुलला तो! हसावं की रडावं कळेना. कॉर्डी आत आली, श्वास रोखून, रंगकामाचा मऊ कुंचला घेऊन. तिनं फांद्या हळूच झटकल्या, धूळ बशीत गोळा केली, डबीत बंद केली. मग खिडकीवर टकटक केलं.

बाहेर रुफस पाण्याची नळी घेऊन शिपायासारखा उभा. "बाहेर ये! थांब तिथेच! हात वर!"

"काका, पाणी गार आहे!"

"नर उपटताना गरम-गार आठवलं नाही ते! हात वर! फीर! केसांत, केसांत जास्त असतो!"

त्यानं तिला अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यापासून पायापर्यंत धुतली, एकही कण बाहेर उडू नये म्हणून. पहिल्यांदा ती किंचाळत हसत होती. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. नळीच्या पाण्याखाली उभी राहून ती लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली. "मला माहीत नव्हतं, आई. मला खरंच माहीत नव्हतं."

रुफसनं नळी खाली केली. थेडा टॉवेल घेऊन पुढे आली. लेकीचे केस तिनं खूप वेळ पुसले, कोरडे झाले तरी पुसत राहिली. "मीच कधी सांगितलं नाही गं," ती म्हणाली. "सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, म्हातारी भिंतीशी बोलते. शहरात घेऊन गेली असतीस."

"गेले असते," कॉर्डी म्हणाली, आणि दोघी हसल्या. नाक ओढत, पण हसल्या.

वारा पडलेला बघून कॉर्डीनंच बाहेरच्या मादीच्या सगळ्यात खालच्या फांदीला कुंचला टेकवला आणि वर कागदी पिशवी बांधली. एकच फांदी. बाकीचं झाड कोरं. बादलीतल्या काड्या ओल्या करून पुरल्या. रुफसच्या पिकात त्या वर्षी एकही बी निघालं नाही, हे तो आजही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, जणू त्यानंच पराग मुठीत धरून ठेवला होता.

शरद आला. मधे कामावर परत गेलेली कॉर्डी सुट्टी काढून कापणीला आली. ती फांदी कापून त्यांनी माझ्यात आणली. थेडानं एक फूल बोटांत चुरडलं, डोळे मिटले आणि नाकाशी नेलं.

मी श्वास रोखला. खोलीनं श्वास रोखला की काचा घट्ट होतात, तुम्हाला माहीत नसेल.

देवदार होता. संत्र्याची साल होती. आणि आणखी काहीतरी होतं, ओल्या दगडासारखं, जे पूर्वी नव्हतं.

"तो नाही," थेडा म्हणाली.

कॉर्डीचा चेहरा पडला. थेडानं पुन्हा वास घेतला. आणखी एकदा.

"म्हणजे आहे, पण तसाच नाही." ती जराशी हसली. "असू दे. जिवंत असता तरी आतापर्यंत थोडा बदललाच असता की."

तळहातावर बी पडलं. गडद, टणक, वाघासारखे पट्टे असलेलं. तिनं निम्मं कॉर्डीच्या हातात ठेवलं, आणि थोडं दारात उभ्या रुफसच्या.

रुफस बघतच राहिला. "मला? आणि नर निघाला तर?"

"तर मला हाक मार," थेडा म्हणाली. "तोवर हात खिशात ठेव."

तर मित्रांनो, अशी मी. अजून उभी आहे, सफरचंदाला टेकून. शाळेची खिडकी सकाळी बाकीच्यांसारखीच धुरकट होते. थेडा अजून येते, पण आता ती काचेशी बोलत नाही, रोपांशी बोलते. कधी कधी मात्र बोलता बोलता थांबते आणि त्या काचेकडे बघते, एखाद्यानं नाव घेऊन हाक मारल्यासारखी.

मला दगड मारून कोणी फोडलं नाही. हेलिकॉप्टरांनी नाही, गारांनी नाही, वैऱ्यानं नाही. माझं जे गेलं, ते मायेनं पुसलं गेलं. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते. तुमच्याही घरी एखादा डाग असेल, एखादं नको असलेलं रोप असेल, कोणाची तरी न धुतलेली टोपी असेल. स्वच्छ करा, नीटनेटकं करा, ते चांगलंच. पण हात लावण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, "हे कोणाचं?" विचारायला एक श्वास लागतो. परत आणायला आम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला, आणि तरीही तो पुरता आला नाही.